शब्दांचे जनकत्व आणि नोंदीचा पुरावा : शेक्सपिअर व सावरकर यांच्या शब्दनिर्मितीसंबंधी काही विचार

प्रास्ताविक

एखाद्या थोर लेखकाने भाषेला अमुक इतके नवे शब्द दिले, असे विधान साहित्येतिहासात वारंवार केले जाते. इंग्रजीच्या वर्गात ते शेक्सपिअरविषयी केले जाते, तर मराठीच्या वर्गात स्वातंत्र्यवीर वि. दा. सावरकरांविषयी. शेक्सपिअरच्या नावावर कोणी सतराशे, तर कोणी दोन हजार शब्द मांडतो. सावरकरांच्या नावावर महापौर, दिनांक, क्रमांक, चित्रपट, बोलपट, दिग्दर्शक, नेपथ्य, वेशभूषा, हुतात्मा, प्राचार्य, प्राध्यापक, दूरध्वनी, टपाल अशी लांबलचक यादी सांगितली जाते. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांतून, गौरवग्रंथांतून व स्मरणिकांतून या याद्या जशाच्या तशा उतरवल्या जातात. त्या मूळ पुराव्याशी ताडून पाहण्याचे कष्ट मात्र क्वचितच घेतले जातात.

या विधानांत दोन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. शब्द प्रथम घडविणे ही एक घटना होय आणि शब्दाचा सर्वांत जुना उल्लेख एखाद्या लेखकाच्या लिखाणात सापडणे ही दुसरी. पहिली घटना बहुधा कोणी पाहिलेली नसते. दुसरी कागदावर असते, पण ती कोणत्या कागदांचे वाचन झाले आहे यावर अवलंबून असते. इंग्रजीत या गल्लतीचा उलगडा गेल्या काही दशकांत पुष्कळसा झाला आहे. मराठीत तो अद्याप व्हावयाचा आहे, आणि त्यासाठी इंग्रजीचा अनुभव उपयोगी पडण्यासारखा आहे.

कोशाने घडविलेला शब्दप्रभू

शेक्सपिअरच्या शब्दसंख्येचा मूळ आधार ऑक्सफर्ड इंग्रजी कोश हा आहे. प्रत्येक शब्दाचा व त्याच्या प्रत्येक अर्थाचा इतिहास सालवार अवतरणांनी दाखवावा, हे या कोशाचे मूलसूत्र. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ साली इंग्रजी वाचकांना जाहीर आवाहन केले. त्यानुसार शेकडो स्वयंसेवकांनी जुने ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या पाठविल्या. कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम १९२८ साली पूर्ण झाले. विसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत एकट्या शेक्सपिअरची सुमारे ३३,००० अवतरणे होती.

हा आकडा लेखकाच्या प्रतिभेबद्दल जितके सांगतो, तितकेच चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या आवडीबद्दलही सांगतो. शेक्सपिअरच्या नाटकांची शब्दसूची मेरी कौडन क्लार्क यांनी १८४५ सालीच प्रसिद्ध केली होती. अलेक्झांडर श्मिट यांचा शेक्सपिअर-कोश १८७४-७५ मध्ये आला होता. त्यामुळे या नाटककाराचा एकही शब्द वाचकांच्या नजरेतून सुटण्याची भीती नव्हती. त्याच्या समकालीनांना हे भाग्य लाभले नाही. पत्रके, प्रवचने, वैद्यकाची पुस्तके, खाजगी पत्रे, न्यायालयीन कागद यांचे वाचन त्या मानाने फारच तोकडे झाले. साहजिकच, शंभर जणांच्या तोंडी असलेला शब्दही कोशात शेक्सपिअरच्या नावाने प्रथम नोंदला गेला.

जर्मन अभ्यासक युर्गेन शेफर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेक्सपिअर आणि त्याचा समकालीन गद्यलेखक टॉमस नॅश या दोघांच्या नोंदींची तुलना केली. नॅशच्या लिखाणातील कितीतरी शब्द कोशाच्या वाचकांनी टिपलेच नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे सोळाव्या व सतराव्या शतकांतील मुद्रित ग्रंथ संगणकावर शोधता येऊ लागले, तसे 'शेक्सपिअरचे' म्हणून मिरविणारे अनेक शब्द अधिक जुन्या पुस्तकांत सापडू लागले. कोशाच्या तिसऱ्या आवृत्तीचे संपादन २००० सालापासून संगणकावर प्रसिद्ध होत आहे. तीत अशा अनेक नोंदींची साले मागे सरकली आहेत. डेव्हिड क्रिस्टल यांच्यासारख्या अभ्यासकाने सुमारे १,७०० हा आकडा देतानाही 'कोशात प्रथम नोंदलेले' आणि 'घडविलेले' यांत भेद करण्याची दक्षता घेतली आहे. ह्यू क्रेग यांनी २०११ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक नाटकाची लांबी हिशेबात घेतली तर शेक्सपिअरचा शब्दसंग्रह त्याच्या समकालीन नाटककारांच्या सरासरीहून फारसा निराळा ठरत नाही, असे त्यांनी दाखविले. तो इतरांपेक्षा जास्त शब्द वापरतो असे वाटते, कारण त्याची नाटकेच जास्त संख्येने उरली आहेत.

या संशोधनाने शेक्सपिअर लहान होत नाही. किंबहुना, त्याचे खरे कर्तृत्व कोठे शोधावे हे आता अधिक स्पष्ट झाले आहे.

रंगभूमीची अट

नाटककाराच्या शब्दनिर्मितीवर एक बंधन असते, ते कोशकारावर किंवा निबंधकारावर नसते. प्रेक्षकाला पान उलटून मागे जाता येत नाही. शब्द कानावर पडताक्षणी कळला पाहिजे, नाहीतर तो वाया गेला. 'मॅकबेथ'मधील राजाच्या खुनानंतरचा प्रसंग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हाताचे रक्त समुद्रालाही रंगवील हे सांगताना शेक्सपिअर 'इन्कार्नाडाइन' हा तांबूस रंगाचा शब्द क्रियापद म्हणून योजतो. रंगाचे नाव म्हणून तो शब्द आधी होता, त्याचे क्रियापद करणे ही नवलाई. लगोलग पुढच्याच शब्दांत, अगदी साध्या एकाक्षरी इंग्रजीत, तो तीच गोष्ट पुन्हा सांगतो. राजवाड्यातील विद्वानाला पहिला शब्द आणि तळाशी उभे राहून नाटक पाहणाऱ्या शिकाऊ कारागिराला दुसरा, अशी ही सोय आहे. याच नाटकात 'सेक्स' या नामापुढे 'अन्' लावून 'अनसेक्स' असे क्रियापद त्याने केले आहे. त्यातील दोन्ही घटक प्रेक्षकाच्या ओळखीचे होते, त्यामुळे अर्थासाठी अडून राहावे लागत नव्हते. नाशिककर वि. वा. शिरवाडकरांनी १९५४ साली 'राजमुकुट' या नावाने हे नाटक मराठीत आणले, तेव्हा त्यांच्यापुढेही मूलतः हाच पेच उभा राहिला असणार.

येथे हेही ध्यानात घ्यावे की, शेक्सपिअरच्या काळातील इंग्लंडात भाषाशुद्धीचा वाद जोरात होता. लॅटिन व ग्रीक शब्दांचा लोंढा भाषेत शिरत होता. टॉमस विल्सन यांनी १५५३ साली अशा जडजंबाल, दौतीतून उपसलेल्या शब्दांची थट्टा केली. जॉन चीक यांनी १५५७ साली लिहिलेल्या पत्रात इंग्रजी निर्भेळ राहावी असा आग्रह धरला. त्यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचे भाषांतर करताना 'लुनॅटिक'साठी 'मून्ड', 'क्रुसिफाइड'साठी 'क्रॉस्ड' आणि 'सेंच्युरियन'साठी 'हंड्रेडर' असे देशी शब्द योजले. हे भाषांतर १८४३ पर्यंत छापलेही गेले नाही आणि त्यातील हे शब्द रुजले नाहीत. शेक्सपिअर या वादात कोणत्याच बाजूला उभा राहत नाही. 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या नाटकात त्याने लॅटिन झाडणाऱ्या शाळामास्तराचे यथेच्छ हसे केले आहे. तेथेच एका विनोदी पात्राच्या तोंडी 'ऑनॉरिफिकॅबिलिट्यूडिनिटॅटिबस' हा अगडबंब शब्द येतो. तो मध्ययुगीन लॅटिनमध्ये आधीपासून होता; तथापि तोही शेक्सपिअरच्या खात्यावर टाकणारे लोक आहेत!

मराठी रंगभूमीकडे वळल्यास नाटककाराने भाषेला दिलेल्या शब्दाचे निर्विवाद उदाहरण राम गणेश गडकरी यांच्याकडे सापडते. 'एकच प्याला'तील तळीराम हे एका पात्राचे नाव. आज 'तळीराम' म्हणजे मद्यपी, हे नाटक न वाचलेल्यालाही ठाऊक असते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा शब्द अनेकवचनातही सर्रास येतो. गडकरी १९१९ साली निवर्तले. नव्या शब्दांचा प्रचार करण्याची कोणतीही मोहीम त्यांनी काढली नव्हती, कोणतीही यादी छापली नव्हती. नाटक गावोगाव झाले आणि शब्द प्रेक्षकांबरोबर घरी गेला.

यादीतून आलेले शब्द

सावरकरांची गोष्ट याच्या उलट आहे. त्यांचा जन्म २८ मे १८८३ रोजी नाशिकजवळील भगूर येथे झाला. अंदमान व नंतरच्या कारावासानंतर १९२४ ते १९३७ या काळात ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते. याच काळात त्यांनी 'उःशाप', 'संन्यस्त खड्ग' आणि 'उत्तरक्रिया' ही तीन नाटके लिहिली. 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. याच काळात त्यांची भाषाशुद्धीची चळवळही चालली होती. मात्र त्यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या शब्दांचा कल पाहिला तर ते प्रशासन, शिक्षण, मुद्रण, चित्रपटव्यवसाय यांतील आहेत. संवादांतून ते आलेले नाहीत, लेखांतून व सूचींतून आले आहेत. नाटककार सावरकर आणि शब्दकार सावरकर या दोन भूमिका एकाच व्यक्तीच्या असूनही त्यांची कार्यपद्धती भिन्न होती.

भाषाशुद्धीच्या सूचीचा हेतू काय होता, हे येथे निर्णायक ठरते. इंग्रजी तसेच अरबी-फारसी शब्दांच्या जागी स्वकीय शब्द वापरावेत, हे त्यामागील धोरण होते. शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चा आदर्श त्यापुढे होता आणि त्यामागे सावरकरांचा हिंदुत्वाचा राजकीय विचारही उघडपणे होता. म्हणून सूचीत एका बाजूला टाळावयाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला योजावयाचा शब्द, अशी मांडणी येते. योजावयाचा शब्द नवाच असला पाहिजे अशी अट तीत नव्हती. जुना, पण मागे पडलेला शब्दही चालत होता. ज्या वस्तूंना आपल्याकडे नावच नाही, अशा कोट, बूट, टेबल इत्यादी शब्दांना सावरकरांनी सवलतही दिली होती. पुढील काळातील गौरवकर्त्यांनी सूचीचा उजवा रकाना उचलला आणि त्यातील सर्व शब्द 'घडविलेले' ठरविले. कोशातील पहिल्या अवतरणाला शब्दाचा जन्म समजण्याचा इंग्रजीतील प्रमाद आणि शिफारशीला निर्मिती समजण्याचा मराठीतील प्रमाद, हे एकाच जातीचे होत.

'टपाल' हा शब्द यादीत दिसतो, पण तो मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ सालच्या आवृत्तीत आहे, म्हणजे सावरकरांच्या जन्माच्या २६ वर्षे आधी. 'नेपथ्य' हा संस्कृत नाटकांच्या रंगसूचनांत पदोपदी येणारा शब्द आहे. 'उपस्थित', 'वेतन', 'परीक्षक' हेही संस्कृतात रुळलेले. 'स्तंभ' हा जुना शब्द वर्तमानपत्रातील रकान्यासाठी वापरणे हा अर्थविस्तार झाला. त्याचे श्रेय देता येईल, परंतु ते वेगळ्या खात्यावर. 'महापौर'ची कथा मात्र निराळी दिसते. मुंबई महापालिकेच्या अध्यक्षाला 'मेयर' हे अभिधान १९३१ साली मिळाले. मराठी प्रतिशब्दाची निकड तेव्हाच निर्माण झाली, आणि नेमका तोच काळ सावरकरांच्या चळवळीचा आहे. येथे श्रेयाच्या बाजूने परिस्थितिजन्य पुरावा बळकट आहे. १९८२ साली नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, तोवर हा शब्द इतका रुळला होता की त्याचा वेगळा विचार करण्याचे कोणाला कारण उरले नाही.

चळवळीला विरोधही झाला आणि पाठिंबाही मिळाला. माधव जूलियन यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. १९२५ साली 'फार्सी-मराठी कोश' सिद्ध करणाऱ्या या फार्सीच्या प्राध्यापकाने १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून चळवळीची तात्त्विक बाजू मांडली. त्याच वर्षी मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सावरकरांकडे होते. यश किती आले याचा पडताळा कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयात घेता येईल. तेथील हजेरीपत्रकावर 'दिनांक' असा रकाना असतो. रकान्यात 'तारीख' गेली, पण पत्रकाच्या माथ्यावर 'हजेरी' कायम राहिली. वकील, अर्ज, कागद, दाखला यांनाही कोणी हलवू शकले नाही.

चित्रपट, बोलपट, मूकपट

यादीतील चित्रपटविषयक शब्दांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण येथे शब्दांच्या अंगातच काळाचा पुरावा दडलेला आहे. 'चित्रपट' हा संस्कृत शब्द रंगविलेल्या पटासाठी, चित्रासाठी वापरला जात असे. हलत्या चित्रांसाठी तो कधी आला? नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. फाळके यांनी १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात आपल्या धंद्याविषयी लेखमाला लिहिली. चित्रपटेतिहासाच्या ग्रंथांत तिचा उल्लेख 'भारतीय चित्रपट' या शीर्षकाने केला जातो. त्या वेळी सावरकर अंदमानात होते. तेव्हा या एका शब्दाचे श्रेय ठरविताना 'नवयुग'चे ते अंक ओलांडून पुढे जाता येणार नाही. त्र्यंबक आणि भगूर ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातील, हा योगायोग. परंतु एका सुपुत्राच्या गौरवात दुसऱ्याचा कागद झाकला जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

'बोलपट' या शब्दाची जन्मवेळ तर आपोआपच सीमित होते. 'आलम आरा' मार्च १९३१ मध्ये आला आणि 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये. त्यामुळे पडद्यावरील माणसे बोलू लागण्याच्या सुमारास हा शब्द निपजला असणार, आणि येथेही काळ सावरकरांच्या चळवळीशी जुळतो. त्याहून मौजेची गोष्ट 'मूकपट' या शब्दाची. १९१३ साली फाळके यांनी मूकपट काढला, असे आज आपण सहज लिहितो. पण त्या वर्षी कोणी तिकीट काढून 'मूकपट' पाहिला नसणार. बोलणारा पट आल्याखेरीज न बोलणाऱ्याला वेगळे नाव लागत नाही. पुढे सर्वच चित्रपट बोलू लागल्यावर 'बोलपट'ची गरज संपली आणि तो शब्द जुन्या जाहिरातींत व आठवणींत उरला. 'मूकपट' मात्र इतिहासाच्या पुस्तकांमुळे जिवंत राहिला.

एकलहरे येथील पाटी

शब्द घडविणारा नेहमी लेखकच असतो असेही नाही. नाशिकरोडच्या एका अंगास एकलहरे आणि दुसऱ्या अंगास, देवळालीच्या पलीकडे, भगूर. या टापूत फिरताना जे सरकारी शब्द दिसतात त्यांवर कोणाचेही नाव नाही. नाशिकरोडचे 'चलार्थ पत्र मुद्रणालय' लोकांच्या तोंडी 'प्रेस' आहे. एकलहरे येथील 'नाशिक औष्णिक विद्युत केंद्र' 'थर्मल' या एका शब्दात आटोपते. असे शब्द समित्यांनी केले, आणि या कामाची परंपरा जुनी आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' १९३१ साली सिद्ध झाला. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारखे कोश निघाले. अनेक विद्वान, भाषांतरकार व कारकून यांच्या श्रमांतून तयार झालेले हे शब्द आज आपल्या वेतनपत्रकावर आहेत.

जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन वीजनिर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या झाल्या. एकलहरे येथील केंद्र 'महानिर्मिती'कडे गेले. 'महानिर्मिती', 'महापारेषण' आणि 'महावितरण' हे तीनही शब्द एकाच वेळी, सर्वांच्या डोळ्यांदेखत जन्मले. त्यांपैकी 'महावितरण' वीजबिलाबरोबर घराघरांत पोहोचला. 'महानिर्मिती' मुख्यतः कर्मचारी, कंत्राटदार व बातमीदार यांच्यात फिरतो. 'महापारेषण' त्याहून मर्यादित राहिला. अवघ्या वीस वर्षांपूर्वीच्या या शब्दांनाही कोणी जनक चिकटविलेला नाही, कारण त्यांच्याभोवती कोणत्याही थोर नावाचे वलय नाही.

य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. त्यात जुन्या ग्रंथांतील अवतरणे विपुल आहेत. परंतु प्रत्येक अर्थाचा सर्वांत जुना उल्लेख सालासह द्यावा, हे त्याचे उद्दिष्ट नव्हते. एखाद्या महाविद्यालयातील मराठी, इतिहास व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून 'केसरी', 'नवयुग', जुन्या नाट्यजाहिराती आणि महापालिकांची इतिवृत्ते यांतून केवळ शंभर शब्दांच्या सालवार चिठ्ठ्या केल्या, तरी हे काम सुरू होऊ शकते. त्यात पहिली चिठ्ठी 'चित्रपट' या शब्दाची करावी आणि तिच्यावर नाव लिहिण्यापूर्वी साल लिहावे.